चौकोनी कंसातलं सगळं

२ फेब्रुवारी, रविवार. दुपार.

दादाकडे जेवण. जेवता जेवता वहिनींनी सांगितलं की त्यांच्या चष्म्याच्या दुकानामागे जी शाळा आहे तिथल्या सगळ्या मुलांचे डोळे त्या फुकट तपासून देणार आहेत. काचा घासून देणारे त्यांच्या ओळखीचे आहेत, तेही चष्मे फुकट करून देणार. अट एकच. नंबरांची यादी महिना संपायच्या आत त्यांच्या हातात पडली पाहिजे, नंतर त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि मार्चच्या मध्यावर मुलांची परीक्षा. म्हणजे ज्या मुलाला फळा दिसत नाही त्याला तो या वर्षी दिसायचा असेल तर सगळं याच महिन्यात.

वहिनी म्हणाल्या, मी नंबर काढीन, पण टिपून घ्यायला कोणीतरी हवं. दादा म्हणाला, कागदावर लिही की. मी म्हणालो, कागद कशाला? रीतसर डेटाबेस करू. त्यातलं रकान्यांचं टेबल मी तयार करतो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बरं वाटलं. मला डेटाबेस येत नाही ही गोष्ट त्या क्षणी किरकोळ वाटली. मी विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. लोकांनी रचलेल्या कहाण्यांतून खरं काय ते शोधून काढणं हे माझं रोजचं काम. त्यापुढे एका कमांडचं काय.

घरी येताना जरा टोचलं. 'मला येतं' असं मी म्हणालो नव्हतो. 'मी करतो' म्हणालो होतो. दोन्हींत फरक आहे. तरी टोचलं.

३ फेब्रुवारी. संध्याकाळ.

डेटाबेस शिकवणारी एक पुस्तिका नेटवर मिळाली, तिच्यातली 'टेबल कसं तयार करावं' ही पानं ऑफिसच्या प्रिंटरवर छापली. खासगी काम आणि ऑफिसचा कागद. दिवसभर चैन पडेना. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून कोऱ्या कागदांचं आख्खं पाकीट आणून ट्रेमध्ये भरलं. हेडक्लार्कने विचारलं, हे काय. मी म्हणालो, भरपाई. मी संशयित दावेदाराकडे ज्या नजरेने बघतो त्या नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं.

या गडबडीत पानं वाचायची राहिली.

५ फेब्रुवारी. पहाट.

पान उघडलं. टेबल तयार करण्याचं वाक्य एका चौकटीत दिलंय. वाक्य कसलं, काटेरी कुंपण. अर्धे शब्द मोठ्या अक्षरांत, अर्धे लहान. मध्येमध्ये चौकोनी कंस, महिरपी कंस, उभ्या दांड्या. शेवटी तीन टिंबं. लिहिणाराही कंटाळला असावा.

मी कंटाळलो नाही. जसंच्या तसं टाइप केलं, एकूण एक कंसासकट. मशीनने पहिल्याच कंसावर बोट ठेवून चूक दाखवली.

निर्णय: रोज पहाटे एक तास अभ्यास. शिस्तीशिवाय काही नाही.

(आज तास पुरा झाला नाही. अंघोळीचं पाणी तापलं होतं.)

६ फेब्रुवारी.

कंस काढले. टिंबं राहू दिली. चूक. टिंबंही काढली तर मशीनला चालतं, पण मग एकच रकाना मिळतो. त्यात मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, उजवा डोळा, डावा डोळा सगळं कोंबावं लागेल. क्षणभर वाटलं, कोंबावं. साधेपणातही सौंदर्य असतं. मग वहिनींचा चेहरा आठवला.

लेक मागून चालली होती. नववीत आहे. स्क्रीनकडे बघून म्हणाली, बाबा, खाली या खुणांचा अर्थ दिलाय, तो वाचलास का. मी म्हणालो, तिकडेच येतोय. खाली काही दिलंय याची मला कल्पना नव्हती. तसं तिला सरळ सांगायला हवं होतं. मुलांपुढे आपलं अज्ञान मान्य करावं, त्याने त्यांना वळण लागतं. उद्या सांगेन.

७ फेब्रुवारी.

अर्थ वाचला. फारच सोपं आहे. मोठ्या अक्षरांतले शब्द जसेच्या तसे लिहायचे. लहान अक्षरांतल्यांच्या जागी आपले घालायचे. महिरपी कंसात दांडीने वेगळे केलेले पर्याय असतात, त्यांतला एक उचलायचा. तीन टिंबं म्हणजे आधीची गोष्ट हवी तितक्या वेळा पुन्हा करा. एका रकान्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा. आणि कंस, दांड्या, टिंबं या खुणा फक्त वाचणाऱ्यासाठी आहेत, त्या टाइप करायच्या नाहीत. हे आधी सांगायला यांचं काय जात होतं. (सांगितलं होतं. खाली.)

राहिला चौकोनी कंस. त्याच्या आतलं ऐच्छिक. घेतलं तरी चालतं, सोडलं तरी चालतं.

इथे मी थांबलो. 'चालतं' म्हणजे काय? कॉलेजात ऐच्छिक प्रश्न सोडून देणारी मुलं कोण होती ते मला चांगलं आठवतं. दाव्याच्या अर्जावरचे ऐच्छिक रकाने कोरे ठेवणारे लोक कसे असतात ते मी रोज बघतो. सक्तीचं काय, कोणीही करतो. ऐच्छिक समोर आलं की माणूस कळतो. पुस्तिका लिहिणाऱ्या विद्वानाने ते शब्द तिथे ठेवले ते काही गंमत म्हणून नाही.

ठरलं. चौकोनी कंसातलं सगळं घ्यायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ.

झालं. टेबल तयार झालं. मशीनने हूं की चूं केलं नाही.

ऐच्छिक गोष्टी तीन होत्या. एक, 'आधीपासून नसेल तरच': याच नावाचं टेबल असेल तर दुसरं करू नकोस. किती सभ्य. दोन, प्रत्येक रकान्यापुढे 'रिकामा चालणार नाही'. मी स्वतः कंप्युटर असतो तर हेच म्हणालो असतो. तीन, 'टेबल' या शब्दाच्या आधी 'टेम्पररी'. यावर मात्र जरा विचार केला. तात्पुरतं. मग पटलं. माणसाचा पहिलाच प्रयत्न, तो कायमचा आहे असं जाहीर करणं उद्धटपणाचं झालं असतं. तात्पुरतं म्हणजे पुढे सुधारणेला जागा असलेलं. हा शब्द टाइप करताना विशेष बरं वाटलं. इतर लोक गाळत असतील.

ते संपूर्ण वाक्य ठळक अक्षरांत छापून (घरच्या कागदावर) कपाटावर चिकटवलं. बायकोने हे काय म्हणून विचारलं. मी खुणा समजावून सांगितल्या. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, कपाटाचं दार आता नीट उघडत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार.

तपासणी सुरू. जागा शाळेचा संगीताचा वर्ग. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर ढब्बू अक्षर आणि खाली बारीक होत गेलेल्या ओळी. मुलं दारात रांग लावून. वहिनी एकेका डोळ्यापुढे काचा बदलून बघतात आणि नंबर सांगतात, मी माझ्या लॅपटॉपवर टाइप करतो. आठवडाभर सकाळची अर्धी रजा टाकलीय.

सुरुवातीला वहिनींनी पिशवीतून छापील कार्डांचा गठ्ठा काढला. म्हणाल्या, मी यावरही लिहीत जाते, हाताला सवय आहे. मी त्यांना समजावलं. एक गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की दोन सत्यं तयार होतात, दावे विभागात आमचं आयुष्य त्यातच चाललंय. त्या जरा घुटमळल्या.

"भाऊजी, याचा भरवसा आहे ना?"

मी म्हणालो, माझ्यापेक्षा जास्त. त्यांनी गठ्ठा पिशवीत परत ठेवला.

१२ फेब्रुवारी.

दुसरीतला एक मुलगा डावा डोळा तपासू देईना. भोकाड पसरलं. वहिनी म्हणाल्या, डावा राहू दे, उद्या बघू. पण मशीन रकाना रिकामा सोडू देईना. शून्य टाकलं. शून्य म्हणजे चष्म्याची गरज नाही. हे खोटं आहे आणि ते मी स्वतःच्या हाताने लिहिलं.

दुपारी ऑफिसात ते शून्य सारखं समोर येत होतं. एरवी परत पाठवले असते असे दोन दावे मंजूर करून टाकले.

१३ फेब्रुवारी.

तो मुलगा आज आलाच नाही. शून्य तसंच आहे.

संध्याकाळी लेकीने लॅपटॉपवर हात ठेवून विचारलं, बाबा, हा तू कधीच बंद करत नाहीस का, केवढा तापलाय. खरं आहे. मी नुसतं झाकण लावतो. टेबलाची काळी खिडकी तशीच उघडी राहते, सकाळी झाकण उचललं की कालच्या ओळीखाली आजची ओळ. सोयीचं पडतं. पण शरम वाटली. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद कर म्हणून मी हिच्या मागे लागतो, आणि माझं हे.

निर्णय: काम संपलं की मशीन रीतसर बंद. उद्यापासून.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ.

शेवटचं मूल तपासून झालं. सोमवारी यादी छापायची आणि काचवाल्यांना द्यायची. महिना संपायला केवढा अवकाश आहे. वहिनी शाळेच्या पायऱ्या उतरताना म्हणाल्या, तुमच्यामुळे हलकं झालं हो काम. मी नको नको म्हणालो, पण हळू.

घरी लेकीला भूगोलाचा नकाशा करायचा होता म्हणून लॅपटॉप थोडा वेळ तिला दिला. जागा पुरेना म्हणून तिने आपले जुने खेळ पुसून टाकले म्हणे. तिचं झाल्यावर मी बसलो. एकेक खिडकी बंद केली, काळीही, आणि मग मशीन बंद केलं. आतला पंखा थांबला. खोली किती शांत असते ते आज कळलं.

या आठवड्यात पहिल्यांदाच निवांत मनाने जेवलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ.

मशीन म्हणतं, असं टेबल अस्तित्वात नाही.

१५ फेब्रुवारी. थोड्या वेळाने.

नाव चुकीचं टाइप झालं असेल. नाही.

मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. नाही.

जरा फिरून आलो. नाही.

१५ फेब्रुवारी. दुपार.

दादा-वहिनी आले. सांगावं लागलं. वहिनी खुर्चीत बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दादाने विचारलं, काल मशीनला कोणी हात लावला होता? बायको सहज बोलून गेली की ही बसली होती नकाशा करत, काहीतरी पुसलं म्हणत होती.

सगळे लेकीकडे वळले. ती म्हणाली, मी माझे खेळ पुसले फक्त. दादा म्हणाला, खेळांबरोबर आख्खी शाळा पुसलीस की.

मग सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, बघायला हवं.

यात खोटं काही नाही. बघायला हवंच होतं. मी कोणाचं नाव घेतलं नाही. पण मी एवढं बोललो आणि लेकीने मान खाली घातली.

१६ फेब्रुवारी, रविवार.

शांतपणे विचार केला, जसा मी कुठल्याही दाव्याचा करतो. तिच्या हातात मशीन होतं. तिने काहीतरी पुसलं हे ती स्वतः सांगते. पुसण्याआधी ते होतं, पुसल्यानंतर नाही. निष्काळजीपणात हेतू शोधायचा नसतो. अर्थात ती लहान आहे, तिला समजून घ्यायला हवं. मी समजून घेईन.

बायकोने परीक्षा होईपर्यंत तिचं लॅपटॉपवर बसणं बंद केलं. दादा फोनवर तिला 'खोडरबर' म्हणाला. ती हसली नाही. एरवी काकाच्या विनोदांना तीच एकटी हसते.

कपाटावरचा कागद काढला. दार खरंच नीट उघडत नव्हतं.

१७ फेब्रुवारी.

लेक शाळा सुटल्यावर परस्पर वहिनींच्या दुकानात गेली होती. संध्याकाळी जेवताना, मी काही विचारलेलं नसताना, म्हणाली, "माझ्याकडूनच गेलं असेल, बाबा."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, चूक कबूल करायला धैर्य लागतं, बेटा. तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पाणी प्यायली आणि उठली.

छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. तिने आपणहून सांगितलं म्हणजे प्रश्न मिटला. स्वतःच्या विरुद्ध कोण खोटं बोलेल?

(दावे विभागात तसा एक प्रकार आढळतो. घरातल्या कोणासाठी तरी स्वतःवर घेतात. पण ती मोठी माणसं असतात.)

१८ फेब्रुवारी. पहाट.

केवळ कुतूहल म्हणून पुस्तिकेचं पुढचं पान वाचलं. एकेक ऐच्छिक शब्द घेतल्याने काय होतं ते तिथे दिलंय.

टेम्पररी: असं टेबल चालू बैठकीपुरतंच असतं. खिडकी बंद केली की बैठक संपते, आणि टेबल आतल्या सगळ्या माहितीसकट आपोआप नाहीसं होतं.

पुन्हा वाचलं.

ही गोष्ट त्यांनी आदल्या पानावर छापायला हवी होती.

अंघोळ केली. ऑफिसला गेलो. शुक्रवारी ती काळी खिडकी कोणी बंद केली, हे अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर मी सांगेनच. विचारल्याशिवाय सांगायला जावं तर लोकांना वाटतं की याला काही लपवायचं होतं. आणि शून्य? तेही गेलं. त्याबद्दल सुटल्यासारखं वाटलं, म्हणून आणखी वाईट वाटलं.

१९ फेब्रुवारी.

निर्णय: आजच सांगायचं.

मग दुसरी बाजू लक्षात आली. वहिनी उद्यापासून सगळी तपासणी पुन्हा करणार आहेत. मुख्याध्यापिका बाईंच्या हातापाया पडून त्यांनी दिवस मागून घेतलेत, दुकान बंद ठेवतायत. अशा वेळी माझं रडगाणं घेऊन जायचं? सांगून हलकं कोण होणार? मी. म्हणजे सांगणं हा माझा स्वार्थ झाला. तपासणी संपेपर्यंत हे मनात ठेवणं हीच माझी शिक्षा. ती मी भोगेन.

लेकीसाठी रंगीत पेन्सिलींचा मोठा डबा आणला. तिने विचारलं, कशाबद्दल. मी म्हणालो, नकाशाला होतील. नकाशा देऊन झाला, म्हणाली.

२० फेब्रुवारी.

पुन्हा संगीताचा वर्ग. वहिनी कार्डांवर लिहितायत. मी लॅपटॉपची पिशवी घेऊन गेलो होतो. त्या म्हणाल्या, आज राहू दे. मला पुठ्ठ्याचा एक चमचा दिला. मुलाचा एक डोळा त्याने झाकायचा, एवढं काम.

पहिल्या मुलाने तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हटला. दुसऱ्यानेही. वहिनी खूश झाल्या. तिसरी एक मुलगी होती. गेल्या आठवड्यात तिला वरचं ढब्बू अक्षरही पुसट दिसत होतं. तिने सगळ्यात खालची ओळ न अडखळता म्हटली, शाबासकी घेतली, वळली आणि जाऊन दाराच्या चौकटीला धडकली.

तेव्हा उलगडा झाला. आठवडाभर रांगेत उभं राहून, पुढच्यांचं ऐकून, सगळ्या शाळेने तक्ता पाठ केलाय. मधल्या सुट्टीत तालावर म्हणतात. एकाने तर मी त्याला खुर्चीत बसवत असताना, तक्त्याकडे पाठ असताना सुरुवात केली. आणि त्याचा एकच डोळा मी झाकलेला नव्हता, गडबडीत दोन्ही झाकले होते.

वहिनी बाकावर बसून हसत सुटल्या. हसता हसता पदराने डोळे पुसले. ते हसण्याचंच पाणी होतं असं मी धरून चाललोय.

दिवस फुकट गेला.

२१ फेब्रुवारी.

वहिनींनी दुकानातून दुसरा तक्ता आणला. त्यात एकच खूण चार दिशांना वळलेली असते आणि खुणेचं तोंड कुठे आहे ते मुलाने हाताने दाखवायचं. हा पाठ होत नाही. पण छोट्यांना डावं-उजवं समजावण्यात फार वेळ जातो. आज दोनच वर्ग झाले.

लेक शाळा सुटल्यावर तिकडे येते. झालेली कार्डं इयत्तेप्रमाणे लावते आणि काकूच्या दुकानात घेऊन जाते. तिथल्या कंप्युटरवर काहीतरी करते. काय ते विचारलं नाही. घरी तिला बंदी आहे, आणि ती बंदी उठवायला मी गेलो तर कारण सांगावं लागेल.

मुख्याध्यापिका बाई डोकावून गेल्या. लेकीकडे बोट दाखवून वहिनींना विचारलं, हीच का ती? वहिनी काही बोलायच्या आत लेक म्हणाली, हो, मीच. बाई म्हणाल्या, काय गं हे, लहान मुलांचं नुकसान. लेकीने मान डोलावली.

मी चमचा धरून उभा होतो. तोंड उघडलं होतं. नक्की उघडलं होतं. तेवढ्यात खुर्चीतल्या मुलाने विचारलं, काका, कुठला डोळा? त्याला उत्तर देणं भाग होतं. उत्तर देईपर्यंत बाई गेल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार.

दादाकडे जेवण. जेवणाआधी सांगायचं ठरवून गेलो होतो. जेवणाआधी दादा फोनवर होता. जेवताना वातावरण इतकं चांगलं होतं की मोडवेना. जेवणानंतर सगळे सुस्त.

दादा लेकीला म्हणाला, खोडरबर, मीठ दे जरा, बघ हं, बरणीच नाहीशी करशील. सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. बायकोही नाही.

मी हसलो. हे इथे लिहून ठेवतो.

२५ फेब्रुवारी.

तोंडी सांगण्यात गैरसमजाला वाव राहतो. निर्णय: लेखी कबुली. पहिला मसुदा चार ओळींचा झाला. वाचून पाहिला, फार त्रोटक. वाचणाऱ्याला चौकोनी कंस म्हणजे काय ते ठाऊक नसेल तर दोष नेमका कुठे पडतो ते कळायचं कसं? दुसऱ्या मसुद्यात पार्श्वभूमी घातली. तिसऱ्यात पुस्तिकेच्या मांडणीतल्या उणिवा. चौथा वाचताना लक्षात आलं की मी त्यात शेवटच्या परिच्छेदात येतो, आणि तेही 'वापरकर्ता' म्हणून.

असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर मी एका मिनिटात फेटाळला असता. चारही फाडले. उद्या नव्याने.

२८ फेब्रुवारी.

यादी काचवाल्यांकडे गेली. पूर्ण नाही. दुसरीच्या दोन्ही तुकड्या राहिल्या. काचवाले म्हणाले, आता परीक्षेनंतर. म्हणजे त्या मुलांपैकी ज्यांना फळा दिसत नाही ते या परीक्षेलाही न दिसणाऱ्या फळ्यासमोर बसणार. वहिनी स्वतः मुख्याध्यापिका बाईंकडे जाऊन दिलगिरी व्यक्त करून आल्या. वहिनींनी. दिलगिरी.

डावा डोळा तपासू न देणारा मुलगा दुसरीतलाच. आज त्याने वर्गात डोकावून विचारलं, माझा नंबर कधी. आता तो तपासू द्यायला तयार होता.

आज नव्या निर्णयाची भाषा करवत नाही.

२ मार्च, रविवार. दुपार.

वहिनींचं दुकान रविवारी बंद असतं पण त्या आत असतात. गेलो. अर्ध्या वाटेवरून एकदा परत फिरलो. मग पुन्हा गेलो.

त्या काउंटरमागे बसून फ्रेमचे बारीक स्क्रू पिळत होत्या. मी बसलोच नाही. एका दमात सांगून टाकलं. ऐच्छिक शब्द, टेम्पररी, तापलेलं मशीन, बंद केलेली खिडकी, पुढच्या पानावर वाचलेलं, आणि ते वाचून इतके दिवस गप्प बसलेलो. त्यांनी मान वर केली नाही.

"माहीत आहे मला, भाऊजी."

मग मी बसलो. त्यांनी सांगितलं ते असं. मी कपाटावरचा कागद काढला तेव्हाच लेकीला शंका आली. कचऱ्याच्या डब्यातून तो काढून तिने वाचला, मग पुस्तिका वाचली, आणि सोमवारी शाळा सुटल्यावर थेट दुकानात आली. आईलाही तिने सांगितलं. वहिनी म्हणाल्या होत्या की मग आत्ताच सगळ्यांसमोर सांगू, तुला का म्हणून ऐकून घ्यायचं. लेकच नको म्हणाली. तिचं म्हणणं, बाबाला आपण सांगितलं तर तो महिनाभर माफी मागत बसेल आणि कोणालाच काही काम करू देणार नाही. आधी मुलांचे डोळे होऊ देत. तोपर्यंत माझ्यावर असू दे.

"खरं सांगू का," वहिनी म्हणाल्या, "मला पटलं तिचं. तुमच्या माफीला वेळच नव्हता हो आमच्याकडे."

मी विचारलं, पण तिला काय वाटत होतं, मी कधी...

वहिनींनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"पहिले काही दिवस रोज म्हणायची, बाबा आज सांगेल बघ. मग म्हणायची थांबली."

२ मार्च. संध्याकाळ.

दादाला यातलं काही माहीत नव्हतं. फोन करून सांगितलं. दादा गप्प. मला आठवतं तेव्हापासून दादा कशावर गप्प बसलेला नाही. मी काहीतरी समजावायला लागलो, खुणांबद्दल, तर म्हणाला, "फोन पोरीला दे."

दिला. ती फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार लोटून घेतलं. काय बोलली ते ऐकू आलं नाही. एकदा हसली.

आत आली तेव्हा मी उभाच होतो. माझं चुकलं, म्हणालो. पुढे मोठं वाक्य तयार ठेवलं होतं, वाटेत जुळवलेलं. आठवेना. आठवलं असतं तरी त्यात 'पुस्तिका' हा शब्द होता.

ती म्हणाली, हं.

थोड्या वेळाने म्हणाली, मग लॅपटॉप वापरू का आता? बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, वापर गं.

बायकोला विचारलं, तू मला का नाही बोललीस. ती म्हणाली, रोज वाट बघत होते.

४ मार्च. सकाळ.

लेकीने वहिनींच्या दुकानातलं टेबल माझ्या लॅपटॉपवर उघडून दाखवलं. तिनेच तयार केलंय. मी विचारलं, चौकोनी कंसातलं काय काय घेतलंस. म्हणाली, लागेल तेवढं. फक्त मुलाच्या नावापुढे 'रिकामं चालणार नाही' लिहिलंय. डोळ्यांचे रकाने तिने मोकळे ठेवलेत. ज्याचा नंबर अजून काढलेला नाही त्याच्यापुढे काहीच दिसत नाही. दुसरीच्या दोन्ही तुकड्या तशाच आहेत, नावांपुढे नुसती पांढरी जागा. खाली जाईपर्यंत मला दोनदा थांबावं लागलं.

ती शाळेला गेल्यावर वाटलं, त्या मुलांपुढे एक शेरा टाकून ठेवावा: यांचे डोळे परीक्षा संपताच सगळ्यांत आधी तपासावेत. चांगल्या हेतूने. टाइप केलं. मशीन म्हणालं, परवानगी नाही.

पुन्हा केलं. परवानगी नाही. मला त्यात फक्त वाचता येतं.

परवानगी कोण देतं ते मला माहीत आहे. तिच्याकडे मागायला हवी, आणि मागताना ते मोठं वाक्यही पुरं करायला हवं, पुस्तिकेशिवाय.

पण आता तिचीही परीक्षा तोंडावर आली आहे. मध्येच त्रास नको. झाली की लगेच.